संगीतात पदवी घ्यायची? आधी वेळापत्रक मागा

बारावीचे निकाल लागले की गाण्या-वाजवण्यात पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या पालकांची पत्रं वाढतात. त्यांतल्या पाच जणांचे प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरं देते आहे.

मुलीला बारावी कॉमर्सला ८४ टक्के आहेत. गाण्याची मध्यमा परीक्षा झाली आहे. ती गायनातच पदवी घ्यायची म्हणते. बी.कॉम. करून सोबत विशारद केलं तर चालणार नाही का? (एक आई, डोंबिवली)

चालेल, पण विशारद आणि पदवी यांचे उपयोग वेगळे आहेत. मध्यमा, विशारद अशा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना गाणाऱ्यांच्या जगात मान आहे आणि तो रास्त आहे. मात्र नोकरीच्या जाहिरातीत 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी' असं लिहिलेलं असतं, तिथे विशारदचं प्रमाणपत्र चालेलच असं धरू नका. विद्यापीठाची संगीतातली पदवी ही इतर पदव्यांसारखीच पदवी असते. नागरी सेवा परीक्षेला, बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. संगीत घेतलं की बाकीच्या वाटा बंद, ही भीती मनातून काढून टाका. कॉलेजात शिकवायचं मनात आलं तर पुढे एम.ए.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागेल. नेटला संगीत हा स्वतंत्र विषय आहे.

खरी अडचण तासांची आहे. बी.कॉम.ची लेक्चर्स, त्याचे क्लास, डोंबिवलीची लोकल, आणि मग रात्री नऊला थकलेला गळा घेऊन तानपुऱ्यासमोर बसायचं. अशा मुली मी पाहिल्या आहेत. दुसऱ्या वर्षी रियाज रविवारपुरता उरतो. संगीताच्या पदवीत निदान दिवसाचा चांगला वेळ गाण्याला मिळतो. पण तोही सगळीकडे सारखा मिळत नाही. म्हणून मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी महिला विद्यापीठ किंवा पुण्याचं ललित कला केंद्र, जिथे जिथे चौकशी कराल तिथे माहितीपत्रकावर थांबू नका, चालू वर्षाचं वेळापत्रक मागा. आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, एका वेळी किती मुलं बसतात, गळ्यावर मेहनत कोण घेणार, हे विचारा. वीस जण एकदम गात असतील तर तुमच्या मुलीचा निषाद किंचित उतरलाय, हे कुणाला ऐकू येणार?

आणि तिला एकदा शांतपणे विचारा, तिला गाणं शिकायचं आहे की कार्यक्रम करायचे आहेत. दोन्हीला हरकत नाही. पण तीन-चार वर्षांत मैफलीचा गायक तयार होत नाही, कुठल्याही विद्यापीठात. पदवीनंतरही तालीम चालूच ठेवावी लागते. घरी हे आधीच माहीत असलं तर पुढचे वाद टळतात.

प्रवेशाच्या चाचणीत काय विचारतात? मी फक्त यमन आणि भूप नीट गाते. (एक विद्यार्थिनी, विलेपार्ले)

दोन राग नीट गातेस, हे पुष्कळ आहे. दहा राग अर्धवट गाणाऱ्या मुलांना घेताना आम्ही परीक्षक जास्त विचार करतो. साधारणपणे एका रागात छोटा ख्याल, म्हणजे जलद लयीतली बंदिश, थोडे आलाप-ताना, हातावर ताल धरून ठेका म्हणणं आणि पेटीवर वाजवलेले स्वर ओळखणं एवढं असतं. पण मी परीक्षक असते तेव्हा एक गोष्ट हमखास करते. मुलीनं भूप गायला की तेच पाच स्वर, सा रे ग प ध, मी धैवतावर जोर देऊन, वरच्या अंगाने गाते आणि विचारते, हा भूपच आहे का? तो असतो देशकार. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग), देशकाराचा धैवत (ध). रागांची थाटांत, म्हणजे गटांत, विभागणी करणाऱ्या पंडित भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला, देशकार बिलावलात. नाव सांगता आलं नाही तरी मी गुण कापत नाही. 'काहीतरी वेगळं वाटतंय' एवढं जरी मुलगी म्हणाली तरी मला पुरतं, कारण शिकवण्यासारखा कान आहे हे कळतं. तेव्हा नवा राग घाईनं पाठ करू नकोस. भूप गाताना गंधारावर किती थांबतेस आणि धैवतावर किती, हे स्वतःचं रेकॉर्डिंग करून ऐक. आणि गाण्याआधी आपली पट्टी, म्हणजे पेटीची कोणती पट्टी तुझा सा, हे स्पष्ट सांग. काळी चार असेल तर काळी चार. घाबरून परीक्षक देतील त्या पट्टीत गाऊ नकोस.

मी गुरुजींकडे आठ वर्षं तबला शिकतोय. ते म्हणतात कॉलेजात गेलास की हात बिघडेल. (एक विद्यार्थी, गिरगाव)

गुरुजींच्या बोलण्यात तथ्य आहे. वेगळ्या घराण्याच्या दोन शिक्षकांनी एकाच वेळी हात ठेवायला शिकवला तर निकास, म्हणजे बोल काढण्याची पद्धत, बिघडतोच. पण याच मुंबईत पंडित निखिल घोषांसारख्या तबलियानं १९५६ साली संगीत महाभारती ही संस्था उभी केली. वर्गात शिकणं आणि तालीम यांचं वैर नाही. प्रवेशाआधीच विभागातल्या शिक्षकांना भेट, गुरूंचं नाव सांग, आणि हाताची तालीम त्यांच्याकडेच चालू राहील हे स्पष्ट बोलून घे. साथसंगत, ताल लिहिण्याची लिपी, इतिहास, गायकाबरोबर ठेका धरून बसायची सवय हे सगळं कॉलेजातून घे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिन्याला ५,००० रुपये, दोन वर्षं, गुरूंकडे पुढचं शिक्षण घेण्यासाठी. तिचा अर्ज करताना गुरुजींना सोबत घे.

वन रूम किचनमध्ये पाच माणसं. रियाज कुठे करू? (एक विद्यार्थिनी, परळ)

पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, हळू आवाजातच करायचा असतो, त्याचा शेजाऱ्यांना त्रास होत नाही. मोबाइलवरचा तानपुरा एकाच कानात लाव. दुसरा कान मोकळा हवा, नाहीतर आपलाच स्वर ऐकू येत नाही. मोकळ्या आवाजाचा रियाज कॉलेजात कर. पहिल्या तासाआधी वर्ग रिकामे असतात, शिपायाशी बोलून ठेव. लोकलमध्ये बंदिश मनात म्हण आणि मात्रा बोटांवर मोज. चार बोटं, प्रत्येकावर चार मात्रा, की तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन एका हातावर बसतं. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकली की तिथल्या तिथे कळतं.

मला संगीत दिग्दर्शन करायचं आहे. मी सायन्सचा आहे, गिटार वाजवतो, शास्त्रीय येत नाही. शास्त्रीयची पदवी घेऊ का? (एक विद्यार्थी, कांदिवली)

नको. शास्त्रीयची आवड नसताना नुसती पायरी म्हणून ती पदवी घेतलीस तर कंटाळशील, आणि जागा एका आवड असलेल्या मुलाची जाईल. रेकॉर्डिंग आणि संगीत-निर्मितीचा अभ्यासक्रम बघ. तो पदवी देतो की फक्त डिप्लोमा, हे लेखी विचार. खाजगी संस्थांची फी लाखांत असते. शास्त्रीयचा एक गुरू मात्र जरूर धर, आठवड्यातून एकदा गेलास तरी चाली बांधताना उपयोग होईल. आणि एक गोष्ट आत्ताच शिकून घे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं चित्रपटगीताच्या संगीतकाराचा आणि गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापरातला हा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, निर्मात्याला लिहून देता येत नाही. पहिलं काम मिळाल्याच्या आनंदात मुलं करार न वाचताच सही करतात. तू तो घरी आण, वाच, आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घ्यायला विसरू नकोस.