अमेरिकेच्या दक्षिणेत इतिहास समजून घ्यायला कोणतं छोटं शहर पाहावं?

मिसिसिपी राज्यातलं नॅचेझ. वस्ती जेमतेम १४-१५ हजार. १७१६ मध्ये फ्रेंचांनी इथे नदीकाठच्या उंच कड्यावर किल्ला बांधला. त्याआधीपासून हा नॅचेझ आदिवासींचा मुलूख. त्यांनी रचलेले मातीचे उंचवटे आजही शहरात आहेत.

पुढे कापसाने पैसा आला आणि टोलेजंग वाडे उभे राहिले. त्यातलं लाँगवुड बघाच. अष्टकोनी इमारत, वर कांद्याच्या आकाराचा घुमट. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडचे कारागीर काम टाकून निघून गेले. तळघरातल्या खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या. वरचे मजले अजूनही उघड्या विटा आणि लाकूड, एवढेच.

पण नुसते वाडे बघून परतलात तर शहर अर्धंच पाहिलंत. तो पैसा गुलामांच्या घामाचा होता. ‘फोर्क्स ऑफ द रोड’ या नाक्यावर माणसांचा बाजार भरायचा, दक्षिणेतल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे जाच. आणि विल्यम जॉन्सनचं घर चुकवू नका. गुलामीत जन्मलेला, १८२० मध्ये मुक्त झालेला हा न्हावी १८३५ पासून १८५१ मध्ये त्याचा खून होईपर्यंत रोजनिशी लिहीत होता: दुकानाचा हिशेब, गावातली भांडणं, घोड्यांच्या शर्यती. त्याने स्वतःही गुलाम ठेवले होते. त्या काळाची ही गुंतागुंत वाड्यांच्या दिवाणखान्यात कळत नाही, म्हणून आधी हे घर आणि मग वाडे, असा क्रम ठेवा.