शहर म्हणावं की खेडं?

प्रश्न : जर्मनीतल्या मोझेल नदीच्या बोटफेरीत बाइलश्टाइनला उतरलो. एक चौक, चार गल्ल्या, वर पडका किल्ला. गाइड म्हणाला, पूर्वी हे शहर होतं. खरं का? आणि आज तिथला कारभार कोण बघतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गाइडने थाप मारलेली नाही. 1309 मध्ये जर्मन राजा सातव्या हेन्रीने ब्राउन्सहॉर्नच्या योहान या सरदाराला बाइलश्टाइनसाठी शहराचे हक्क दिले. त्या काळी शहर डोकी मोजून ठरत नसे, सनदेवर ठरे. माणसं वाढली नाहीत तरी सरदाराचा रुबाब वाढायचाच, आणि बऱ्याच सनदा त्यासाठीच मिळवल्या असाव्यात असा मला दाट संशय आहे. नाहीतर डोंगर आणि नदीमधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत शहर पसरणार तरी कुठे?

पुढे योहानचं घराणं खुंटलं. वारसाहक्काने गाव विनेबुर्ग सरदारांकडे गेलं, 17व्या शतकात तेही निर्वंश झाले, मग ट्रियरचा आर्चबिशप (तेव्हा तो मुलखाचा धनीही असे) आणि त्याच्याकडून मेटर्निक घराणं. चौकातलं दशांशघर पाहिलंत ना? पिकाचा दहावा हिस्सा तिथे भरावा लागे. धनी बदलले, दहावा हिस्सा काही सुटला नाही. किल्ला 1689 मध्ये फ्रेंच सैन्याने फोडला.

खरी गंमत पुढची. 1794 मध्ये फ्रेंच पुन्हा आले आणि ऱ्हाइनच्या डाव्या बाजूचा मुलूख गिळून बसले. दशांश गेला, सरंजामी हक्क गेले. वतन गमावलेल्या याच घराण्यातला क्लेमेन्स मेटर्निक ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री झाला. नेपोलियनच्या पाडावानंतर, 1815 मध्ये व्हिएन्ना परिषदेत युरोपचा नकाशा नव्याने आखला गेला, यजमान तोच. आणि बाइलश्टाइन मिळालं ऑस्ट्रियाच्या प्रतिस्पर्धी प्रशियाला! (घराण्याला 1803 मध्येच दक्षिण जर्मनीतल्या श्वाबियातला ओक्सेनहाउजेनचा मठ भरपाई म्हणून मिळाला होता, तेव्हा फार हळहळायला नको.)

रेल्वेनेही गावाला वगळलं. 1879 मध्ये सुरू झालेली लाइन जवळच्या कोखेम शहरातून चार किलोमीटरच्या बोगद्यातून थेट एलरला निघते. नदीचं अख्खं वळण बाजूला पडलं, त्यात बाइलश्टाइनही.

आज वस्ती जेमतेम दीडशे. तरी गावाची स्वतःची निवडून आलेली परिषद आहे, महापौर आहे. मात्र त्याचं पद मानद असतं. रोजची कागदपत्रं कोखेमला, आसपासच्या गावांच्या संयुक्त कार्यालयात होतात. ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यात अशी दोन हजारांहून जास्त गावं आहेत. बहुतेकांची व्यवस्था हीच.