मिश्रीचं डॉक्टरांना सांगायचं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी निपाणीची, वय ४१, घरीच शिलाईचं काम करते, दोन बाळंतपणं आणि दिवसभर मशीनवर बसणं यात वजन वाढत वाढत आता १०८ किलो झालंय, उंची पाच फूट दोन इंच. शुगर सहा वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत, गुडघे धरतात, रात्री लई घोरते असं पोरगी म्हणते. बेळगावात वजनाच्या ऑपरेशनच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट मिळालीय तीन आठवड्यांनंतरची. जाऊबाई म्हणतात तोंड आवरलं असतं तर ही पाळी आली नसती, त्यामुळं मला जायलाच लाज वाटायलीय. जाताना काय काय न्यायचं, काय विचारायचं? आणि एक, मी शाळेत असल्यापासून मिश्री लावते, हे सांगायचं का? ओरडतील का डॉक्टर?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्नच मी आधी घेते, कारण पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. सांगायचं, अगदी पहिल्याच भेटीत सांगायचं, दिवसातनं किती वेळा लावता तेही सांगायचं. निपाणी म्हणजे तंबाखूचा गाव, आपल्याकडं आजीनं लावली, आईनं लावली म्हणून पोरीनं लावली असं चालत आलंय आणि बायका त्याला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासते म्हणतात. फॉर्मवर 'तंबाखू खाता का' असं विचारलं की सरळ 'नाही' लिहितात आणि त्यांना ते खोटं वाटतही नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतनं निकोटिन रक्तात जातंच. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, जखम उशिरा भरते, आणि बायपास, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनातलं पोटाची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडायचं ऑपरेशन, केलं असेल तर त्या जोडाच्या जागी अल्सर व्हायची भीती वाढते. म्हणून ऑपरेशनच्या आधी निदान सहा आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवायला सांगतात, आणि नंतरही परत सुरू करायची नसते. पहिल्या भेटीलाच अजून तीन आठवडे आहेत, आजपासून कमी करायला घ्या. एकटीनं जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा तंबाखू सोडवायचा फुकट फोन आहे, लावा. ओरडायचं म्हणाल तर ओरडणार नाहीत बहुतेक, आणि ओरडलेच तरी एवढ्या कारणासाठी ते लपवू नका हो, टाक्याच्या जागेचा प्रश्न आहे.

आता जाऊबाईंचं. मी आहाराचं काम करते, वजनाचीच माणसं बघते रोज, आणि तोंड आवरण्याचं हे बोलणं ऐकून ऐकून खचलेल्या बायका बघून मला फार वाईट वाटतं. वजन कमी केलं की शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जा कमी जाळायला लागतं, म्हणजे गेलेलं वजन परत आणायचीच त्याची धडपड असते. म्हणूनच तुम्ही उपास करून आठ किलो उतरवता आणि वर्षात दहा परत येतात. ऑपरेशननं नुसतं पोट लहान होत नाही, पोटातनं आणि आतड्यातनं सुटणारे भुकेचे नि पोट भरल्याचे संदेशही बदलतात, कित्येकांची शुगर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली यायला लागते ती त्यामुळंच. तेव्हा तुम्ही काय शॉर्टकट मारायला निघालेला नाही, आजाराच्या उपचाराला निघालाय. तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की येतो तो आकडा, ४३ च्या पुढं आहे. २०२२ साली या सर्जरीच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात ३५ च्या वर सरळ ऑपरेशनचा सल्ला आहे, शुगरवाल्यांना ३० पासून, आणि आपल्या आशियाई लोकांना कमी वजनातच शुगर-बीपी धरतं म्हणून आपल्यासाठी ती रेघ २७.५ वर आणलीय. म्हणजे तुम्ही चुकीच्या दारात चाललेला नाही.

काय न्यायचं? एक वही करा, भारी फाईल नको, दोनशे पानीपण नको, पोराची अर्धी वापरलेली चालेल. पहिल्या पानावर वजनाची गोष्ट लिहा, लग्नात किती होतं, पहिल्या बाळंतपणानंतर किती, दुसऱ्यानंतर किती, कधी काय डाएट केलं, कुठली पावडर घेतली, किती उतरलं आणि कधी परत आलं. हे डॉक्टर विचारतातच आणि ऐन वेळी काही आठवत नाही, शिवाय विम्याच्या कामाला पण हेच लागतं, ते पुढं सांगते. जुन्या डॉक्टरांच्या, आहारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या सापडल्या तर त्या पण ठेवा.

औषधांची नावं लिहिण्यापेक्षा सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून सरळ टेबलावर ठेवा. शुगरच्या काही गोळ्या ऑपरेशनच्या आधीच्या कमी खाण्याच्या दिवसांत बदलाव्या लागतात, काही अगदी बंद कराव्या लागतात, डापाग्लिफ्लोझिन आणि त्या जातीच्या गोळ्या तर ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवतात, नाहीतर शुगर फार न वाढतासुद्धा रक्तात आम्ल साठू शकतं. हे आपणहून करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसंच. वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर तेही सांगायचं, त्यानं पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते माहिती असायलाच पाहिजे. गुडघ्यासाठी काय घेता? दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या, बायपासनंतर अल्सर करतात म्हणून टाळायला सांगतात, म्हणजे गुडघ्याचं पुढं काय करायचं हे आत्ताच विचारून घ्यायला पाहिजे. आणि कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, ज्या घेतल्या की दोन दिवसांत दुखणं पळतं, त्या पण पिशवीत टाका. असल्या पुड्यांत कितीदा तरी स्टिरॉइड घातलेलं सापडलंय, त्यानंच वजन आणि शुगर वाढते, आणि बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं.

घोरण्याचं तुम्ही सहज लिहिलंय पण ते सहज सोडू नका. पोरीला दोन रात्री जरा लक्ष ठेवायला सांगा, घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो आणि मग दचकून श्वास सुरू होतो असं होतंय का, आणि मशीनवर बसल्या बसल्या दुपारी डोळा लागतो का. तसं असेल तर तो स्लीप अॅप्निया असू शकतो, त्याची झोपेची तपासणी होते, आणि गरज पडली तर ऑपरेशनच्या आधीपासून रात्री मास्कचं मशीन लावायला देतात. भूल देताना याची माहिती असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

वहीच्या मधल्या पानांवर सात दिवसांचं खाणं लिहा, खरं खाणं. मला एका बाईंनी दोन भाकरी, भाजी, ताक असं छान लिहून दिलं होतं, मग बोलता बोलता कळलं की दिवसातनं सहा चहा होते, प्रत्येकाबरोबर चहात बुडवायचं बटर, आणि भावानं गोकाकहून आणलेली करदंट मिठाई रात्री एकट्या बसून खायच्या, त्यांना ते सांगायचीच शरम वाटत होती. पण नेमकं तेच कामाचं असतं. बायपास झाल्यावर गोड जास्त खाल्लं, कुंदा म्हणा हुग्गी म्हणा, की काहींना धडधडतं, घाम फुटतो, जुलाब होतात, त्याला डम्पिंग म्हणतात. आणि राग आला, रडू आलं की हात थांबत नाही असं होत असेल तर ते मानसोपचाराच्या भेटीत सांगायचं. ती भेट ठेवतात म्हणजे तुम्हाला वेडं समजतात असं नाही, सगळ्यांचीच करतात.

छातीत जळजळ होते का, आंबट वर येतं का तेही लिहा. यावरनं कुठलं ऑपरेशन ते पुष्कळदा ठरतं. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पोटाचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात, तो परत बसवता येत नाही, आणि जळजळ त्यानं वाढू शकते, बायपासनं बहुतेकांची कमी होते. उलट बायपासमध्ये जीवनसत्त्वं कमी शोषली जातात. तेव्हा शेजारणीनं स्लीव्ह केलं म्हणून मलाही तेच, असं नसतं. आधी रक्त, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी शुगर, पोटाची सोनोग्राफी, एंडोस्कोपी, हृदयाच्या तपासण्या असं बरंच सांगतील, आधी झालेले रिपोर्ट असतील तर न्या म्हणजे दोनदा पैसे जात नाहीत.

विचारायचं काय? मी असते तर सगळ्यात आधी हे विचारलं असतं की घरी गेल्यावर रात्री दोन वाजता उलट्या थांबल्या नाहीत, ताप आला, पोट लई दुखायलं, तर फोन कोण उचलणार आणि मी कुठं जायचं. निपाणीहून बेळगाव सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे, कोल्हापूर त्याच्या निम्म्यावर, तर तातडीला कोल्हापुरात गेले तर चालेल का आणि तिथल्या डॉक्टरांना दाखवायला माझ्याजवळ काय कागद असेल. टाक्यातनं गळती हा क्वचित होणारा पण गंभीर प्रकार आहे, त्यात तास महत्त्वाचे असतात. मग विचारा, तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत, माझ्यासाठी हेच का, आणि पाच वर्षांनी किती जणांचं वजन थोडं परत येतं. येतं थोडं, आणि जे डॉक्टर अजिबात येत नाही म्हणतात त्यांच्याकडं जरा थांबून विचार करा. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बी-१२, लोह, कॅल्शियम, डी, या जन्मभर घ्यायच्या असतात आणि रक्त दरवर्षी तपासायचं असतं, तो खर्च पण विचारा. रोज साठ ते ऐंशी ग्रॅम प्रोटीन सांगतात, आपल्या भाकरी-आमटीत ते सहज बसत नाही, अंडी, दही, पनीर, सोयाबीन, मोड आलेली कडधान्यं याचा हिशेब तिथल्या आहारतज्ज्ञांकडनं करून घ्या. तीन ते सहा महिन्यांच्या सुमाराला केस गळतात, बहुतेकांचे परत येतात, आधी माहिती असलं म्हणजे घाबरायला होत नाही. आणि पाळी चालू असेल तर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरं साधन विचारा.

विम्याचं. पॉलिसी असेल तर तिची प्रत न्या. विमा नियामकाच्या नियमात या ऑपरेशनसाठी अटी आहेत, वय १८ किंवा जास्त, बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त आणि सोबत ताब्यात न येणारी शुगर, हृदयविकार किंवा गंभीर स्लीप अॅप्निया, आणि साधे उपाय करून झालेले पाहिजेत. ती वजनाची गोष्ट लिहिलेली वही इथं उपयोगी पडते. तुम्ही ४० च्या वर आहात, पण पॉलिसीतला थांबायचा काळ, म्हणजे सुरुवातीला ज्यात असल्या ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत तो, संपलाय का ते बघा, आणि मंजुरी लेखी आल्याशिवाय तारीख धरू नका.

बरोबर पोरीला न्या, घोरणं तिनं ऐकलंय. जाऊबाईंना सांगायचं का नाही ते तुम्हीच ठरवा, न सांगून तुम्ही कुणाचं काही बुडवत नाही.

प्रश्न : वय २९, खानापूर. वजन ९६, उंची १७२ सेंमी. शुगर-बीपी नाही. लग्न आठ महिन्यांवर आलंय, मित्र म्हणतो स्लीव्ह करून टाक, तीन महिन्यांत फिट. करू का?

उत्तर : भाऊ, लग्नाच्या तारखेसाठी पोट कापायचं नाही. तुमचा बीएमआय ३२ च्या थोडा वर येतो, म्हणजे वर लिहिलेल्या आशियाई रेघेनं डॉक्टर तुमचा विचार करू शकतात हे खरं, पण विमा बहुतेक बसणार नाही आणि पोटाचा कापलेला भाग परत येणार नाही. शुगर-बीपी नाही म्हणताय, शेवटचं कधी तपासलं? २९ व्या वर्षी पुष्कळांनी तपासलेलंच नसतं. आधी शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल, लिव्हरची सोनोग्राफी करून फिजिशियनकडं जा, २०२५ पासून आपल्याकडं टिर्झेपटाइड, वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शनंही मिळायलीत, ती तुम्हाला लागतील का हेही त्यांनाच विचारा, मेडिकलमधनं आपणहून आणू नका. आणि ऑपरेशन ठरलंच तर होणाऱ्या बायकोला आधी सांगा, पहिले काही आठवडे पातळ आणि मऊ खाणं असतं, हळदीच्या ताटावर ते लपणार नाही.

प्रश्न : आईचं ऑपरेशन ठरलंय, तिला फक्त मराठी येतं. डॉक्टर कन्नड नि इंग्लिशमध्ये भराभर सांगतात, आई नुसती मान डोलावते. संमतीपत्र इंग्लिशमध्ये आहे. मी मध्येच थांबवून विचारलं तर उद्धटपणा होईल का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : अजिबात होत नाही, थांबवाच. मानवी हक्क आयोगानं केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे की पेशंटला कळेल अशा भाषेत समजावून सांगायला पाहिजे, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचाही हक्क आहे, त्यासाठी कागदपत्रं मागता येतात. इथं भाषेचं राजकारण मध्ये आणायची काही गरज नाही, बेळगावात मराठी येणारी नर्स किंवा वॉर्डातलं माणूस मिळतंच, त्यांना जोडीला बोलवा म्हणायचं. संमतीपत्र आधीच घरी मागून घ्या, रात्री आईसमोर बसून एकेक ओळ मराठीत सांगा आणि मग तिलाच तिच्या शब्दांत परत सांगायला लावा, पोटाचं काय करणार, काय बिघडू शकतं, गोळ्या किती दिवस. तिला सांगता आलं नाही तर सही थोडी पुढं ढकला, ऑपरेशन तातडीचं नाही, दोन दिवसांनी झालं तरी चालतं.