लीळा टाकण्याआधी

चिरंजीव,
सप्रेम दंडवत प्रणाम.

आषाढी एकादशीला सकाळीच तू लीळाचरित्रातल्या, म्हणजे आपल्या महानुभाव पंथातल्या चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथातल्या, विठ्ठलाविषयीच्या लीळेचा (प्रसंगाचा) फोटो फेसबुकवर टाकलास. खाली कुणीतरी 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण लिहिली आणि तुझं डोकं फिरलं. मानभाव म्हणजे आपण महानुभाव. म्हण विषारीच आहे, आपल्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या ऐकून घेतली. पण त्या दिवशी खोड तू काढलीस.

आपण परमेश्वर आणि देवता यांत भेद मानतो, वारकरी तो मानत नाहीत. हे लपवून गोडगोड बोलावं असं मला मुळीच वाटत नाही. पण लोक पंढरीत रांगेत उभे असताना, मागचापुढचा संदर्भ न देता एक पान त्यांच्या तोंडावर मारायचं, याला डिवचणं म्हणतात. त्यांच्या ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सलग वाचला आहेस? आपल्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत बंद होत्या तोवर जग आपल्याविषयी ऐकीव बोलत राहिलं. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या वाचल्या, तेव्हा कुठे बाहेरच्यांना आपलं गद्य दिसलं. वारकऱ्यांविषयी तू आज तसंच ऐकीव बोलतोस.

मला जास्त काळजी आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप गटाची वाटते. लीळेच्या एका पाठभेदावरून तू वडीलधाऱ्या बाबांना 'अभ्यास नसेल तर गप्प बसा' म्हणालास. अरे, म्हाइंभटांनी लीळाचरित्र कसं जमवलं ते आठव. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्या एकेकाला गाठून त्यांनी लीळा विचारल्या, स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी गेली आणि पंथातल्या हिराइसेसारख्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली. त्यामुळे पाठ वेगळे झाले. पण आपल्या पूर्वजांनी एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. कोण काय सांगतो ते 'वासना' म्हणून, ज्याच्या त्याच्या नावानिशी, लीळेतच नोंदवलं. मतभेद असलेल्या माणसाचं नाव धर्मग्रंथात मानाने टिकवणारी आपली परंपरा आहे, आणि मला तिचा फार अभिमान आहे.

तेव्हा गटात लिहिताना तेच कर. आधी बाबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत मांड, ते बरोबर मांडलंय ना हे त्यांना विचार, मग तुझा पाठ कुठल्या पोथीतला ते सांग. उपाध्ये आणि कवीश्वर या पंथातल्या आम्नायांची (शाखांची) परंपरा वेगळी असेल तिथे दोन्ही लिही. गटातल्या बोलण्याचे स्क्रीनशॉट बाहेर पाठवू नकोस. बाहेर गेलेल्या वाक्यावरून माणूस मागे येऊ शकत नाही, उलट तेच धरून बसतो.

तो फोटो आज काढ. म्हण लिहिणाऱ्या मुलाला खाजगीत 'राम कृष्ण हरी' लिही आणि एकादशीला टाकलं हे चुकलं, एवढंच सांग. लीळेच्या अर्थावर बोलायचं तर त्याने विचारल्यावर बोल. बाबांना मात्र लिहू नकोस, फोन कर. ते दुपारी चारनंतर मोकळे असतात.