नाशिकहून समुद्राचं पाणी तपासायचंय?

अगं, समुद्रातले जिवाणू ऋतूंनुसार कसे बदलतात हे बघायला वर्षभर नमुने घेणार आहेस ते उत्तम. पण बाटल्या भरून, कसारा घाट चढून नाशिकच्या प्रयोगशाळेत गाळत बसू नकोस. मीही तेच करायचे. बाटलीत कोंडलेल्या पाण्यात काही तासांतच मोजके जिवाणू माजतात, बाकीचे मागे पडतात. किनाऱ्यावरच पाणी ०.२२ मायक्रॉनच्या, म्हणजे जिवाणू अडतील इतक्या बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून घे आणि फिल्टर लगेच गोठव; ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) मिळाला तर सोनंच.

तारखेपेक्षा भरती-ओहोटी पाळ. दर महिन्याला भरतीच्या त्याच टप्प्यावर नमुना घे, नाहीतर खाडीचं पाणीच ऋतुबदल म्हणून मिरवेल. तापमान, क्षारता जागेवर मोज. पावसाळ्यात वैतरणेसारख्या नद्या गोडं पाणी नि गाळ ओततात (ती आपल्या त्र्यंबकजवळचीच, गोदावरी मात्र पार बंगालच्या उपसागराला!). क्षारता घसरते, मातीतले जिवाणूही नमुन्यात येतात. ते तिथे जगतायत की नुसते वाहून आलेत, हे फिल्टरवरच्या जिवाणूंचा डीएनए सांगत नाही.

अगार प्लेटवर (जिवाणू वाढवायच्या जेलीच्या बशीवर) विसंबू नकोस. मिलिलिटरभर पाण्यात साधारण १० लाख जिवाणू असतात, प्लेटवर उगवतात १ टक्क्याहूनही कमी. समुद्रात सर्वाधिक आढळणारा एसएआर-११ हा जिवाणूंचा गट तर तिथे दिसतच नाही.

आणि जून-जुलैत होडी मिळणार नाही. जेट्टीवरून पाणी काढायची सोय आत्ताच बघ.