वाचकांचे प्रश्न : फिकट रंगाची दर्शनी वीट, परवडेल अशी

प्रश्न (बारामती) : २४ बाय ४० फुटांचे दुमजली घर बांधतोय. बाहेरून प्लॅस्टर न करता क्रीम रंगाची वीट दिसावी अशी इच्छा आहे. कर्नाटकातून येणारी वायरकट (यंत्रातून काढून तारेने कापलेली) वीट भाड्यासकट महाग पडते. जवळचा भट्टीवाला म्हणतो, ‘पिवळसर वीट मीच निवडून देतो, निम्म्या पैशात.’ घ्यावी का?

उत्तर : भट्टीवाल्याची ती वीट घेऊ नका. आपल्याकडच्या मातीत लोह असते, म्हणून नीट भाजलेली वीट लाल होते. त्याच भट्टीत जी पिवळसर निघते ती बहुधा कमी भाजलेली असते. दोन पावसाळ्यांत तिची कड झडते, पोपडे निघतात. खरा क्रीम रंग मातीतूनच येतो. त्यासाठी कमी लोहाची किंवा बारीक, सारखा मिसळलेला चुना असलेली माती लागते आणि आच पुरेशी द्यावी लागते. चुन्याचे खडे राहिले असतील तर भाजल्यावर ते ओल धरून फुगतात आणि विटेचा पृष्ठभाग टिकलीएवढा उडवतात.

कुठलीही वीट घेण्याआधी वेगवेगळ्या थप्प्यांतून दहा विटा आणा आणि घरीच तपासा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यावा. पूर्ण वाळलेली वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. ३ किलोची वीट ३ किलो ४०० ग्रॅम भरली, तर पाणीशोषण साधारण १३ टक्के. दर्शनी कामाला १५ टक्क्यांवर जाणारी वीट नको. मग एक वीट परातीत इंचभर पाण्यात उभी ठेवा. पाणी आटले की पुन्हा तेवढेच घाला, तेही आटू द्या. वाळल्यावर पांढरी पूड दिसली, तर भिंतीला लोणा लागणार हे नक्की. भिजवलेल्या विटा आठवडाभर उघड्यावर ठेवल्यात तर चुन्याच्या खड्यांचाही पत्ता लागतो.

आता पैशांकडे. चारही बाजू क्रीम विटेत करायच्या म्हटल्या तर दारे-खिडक्या वजा जाता सुमारे २,१६० चौरस फूट भरतात. २३० × ७५ मिमी तोंडाची वीट १० मिमी सांध्यासह चौरस फुटाला साधारण ४.६ लागते, म्हणजे जवळजवळ १०,००० विटा. फक्त रस्त्याकडची बाजू घेतली तर सुमारे ३८० चौरस फूट, १,७५० विटा. त्यात ७ टक्के तूट धरून १,९०० मागवा. बाकीच्या तीन बाजू साध्या विटेत, प्लॅस्टर करून क्रीम विटेशी जुळणारा रंग द्या. वीट स्वस्त शोधण्यापेक्षा ती लागेल तिथेच वापरण्यात खरी बचत आहे.

सगळा माल एकाच लॉटचा, एकाच वेळी मागवा. वीट लावताना तीन थप्प्यांतून आलटून-पालटून घ्यायला गवंड्याला सांगा, नाहीतर भिंतीवर रंगाचे पट्टे दिसतात. उघड्या विटेचे काम सावकाश चालते, म्हणून मजुरी वेगळी ठरवून घ्या. आरसीसी कॉलम-बीम कसे झाकायचे हे नकाशातच ठरले पाहिजे. त्याच लॉटच्या विटा कटरने कापून १५-२० मिमीच्या चिपा करून त्यांवर लावता येतात. चिप लावताना मागे चिकटमाल पूर्ण भरा. नुसते गोळे ठेवून दाबली तर मागे पाणी साठते आणि ती सुटते.

आणखी एक पर्याय सुचवतो. फ्लाय अ‍ॅशची (कोळशाच्या राखेची) वीट मुळातच फिकट करडी, मापाला चोख, आणि परळी, भुसावळ, चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांच्या आसपास ती सहज मिळते. क्रीमचा हट्ट नसेल तर कडा शाबूत असलेली वीट निवडून ती उघडी ठेवता येते. तपासणी मात्र वर सांगितली तीच.

प्रश्न (रत्नागिरी) : फिकट वीट आमच्या पावसात काळी पडेल का?

उत्तर : नैर्ऋत्येचा पाऊस थेट बसतो त्या भिंतीवर पडतेच, शेवाळही धरते. त्या बाजूला जांभाच ठेवा. आडोशाच्या बाजूला वीट लावायची तर शोषण १० टक्क्यांच्या आत हवे, छज्जा अडीच फुटांपेक्षा कमी नको, आणि छज्जाच्या खालच्या कडेला खाच ठेवा म्हणजे पाणी भिंतीवर ओघळणार नाही. जमिनीपासून दीड फूट जांभ्याचाच जोता ठेवला तर चिखलाचे शिंतोडे विटेवर उडत नाहीत. सांधे आत दाबून खोल ठेवू नका, तिथे पाणी थांबते. ते विटेच्या तोंडालगत भरून हलकी पन्हळ द्या. खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातूनही क्षार येतात. चकचकीत वार्निशही नको. आतली ओल कोंडून ते सोलते. सिलेन-सिलॉक्सेनचा, म्हणजे पाणी झटकणारा पण भिंतीला श्वास घेऊ देणारा लेप वाळलेल्या भिंतीवर द्या.

प्रश्न (नागपूर) : मिस्त्रीने सिमेंटचे डाग काढायला क्रीम विटेवर अ‍ॅसिड मारले. आता हिरवट-पिवळे डाग आलेत.

उत्तर : अ‍ॅसिड पुन्हा मारू नका. हा रंग विटेच्या मातीतल्या व्हॅनेडियम या धातूच्या क्षारांचा असतो. फिकट विटेवर तो चटकन दिसतो आणि मिठाच्या (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडने तपकिरी होऊन घट्ट बसू शकतो. आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. मग फिकट विटांसाठीचा, मिठाच्या अ‍ॅसिडविना बनवलेला क्लीनर आणा आणि कोपऱ्यातल्या एका चौरस फुटावर करून पाहा. लावण्याआधी भिंत ओली करा, म्हणजे तो आत शोषला जात नाही. तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण गंजून नवे डाग पडतात. काथ्याचा ब्रश चालेल. पांढरा लोणा असेल तर मात्र कोरड्या हवेत कोरडाच झाडा, कारण पाण्याने तो विरघळून पुन्हा आत जातो.

पुढच्या कामात रोज संध्याकाळी विटेवर सांडलेला माल ओल्या गोणपाटाने पुसून घ्या आणि रात्री भिंतीच्या वरच्या थरावर प्लास्टिक घाला.