श्रद्धा उडाली की विश्वास उडाला?

प्रश्न असा आला आहे : ‘मावशीने चर्चच्या कमिटीला द्यायचं पत्र मला लिहायला बसवलं. तिच्या तक्रारीकडे दोन वर्षं कुणी पाहिलं नाही, वर “क्षमा करायला शिका” हे ऐकून घ्यावं लागलं. तिने सांगितलेलं वाक्य होतं, “माझी चर्चवरची श्रद्धा उडाली आहे, देवावरचा विश्वास तसाच आहे.” मी दोन्ही शब्दांची अदलाबदल केली. देवावर श्रध्दा असते, माणसांवर विश्वास. तिने पेन घेऊन माझी दुरुस्ती खोडली. कोणाचं बरोबर?’

मावशींचं. तुमचंही चूक म्हणता येत नाही, कारण रोजच्या मराठीत विभागणी तुम्ही म्हणता तशीच आहे. आपल्याकडे ‘विश्वासघात’ आहे, ‘श्रद्धाघात’ नाही. विश्वासाला समोर कुणीतरी लागतं, तो पाळणारं किंवा मोडणारं. श्रद्धेला असा दुसरा पक्ष लागत नाही, ती ज्याची असते त्याच्याकडेच राहते. त्यामुळेच ‘श्रद्धाळू’ म्हणजे श्रद्धा ठेवणारा, आणि ‘विश्वासू’ म्हणजे मात्र ज्याच्यावर विश्वास टाकावा तो. ठेवणाऱ्याला काय म्हणायचं? ख्रिस्ती मराठीने तो शब्द सरळ क्रियापदावरून घडवला : ‘विश्वासणारा’.

मावशींचा कान घडला आहे तो या मराठीत. कॅथलिक लिखाणात ‘श्रद्धा’ही भेटते, पण मराठी बायबलमध्ये ग्रीक ‘पिस्तिस’साठी ‘विश्वास’च येतो. त्यामागचा हिब्रू शब्द ‘एमुना’, आणि तो मला फार आवडतो. ‘आमेन’ त्याच धातूचा. अर्थ : पक्कं असणं, न हलणं. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात अमालेकांशी लढाई चालू आहे, इस्राएलचा पुढारी मोशे याचे हात वर असले की इस्राएलची सरशी होते, खाली आले की उलट. हात भरून येतात. मग त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात ‘एमुना’ राहिले, असं मूळ वाक्य आहे. म्हणजे इथे हा शब्द दुखणाऱ्या, दुसऱ्यांनी तोलून धरलेल्या हातांसाठी आला आहे. मावशींचे हात धरायला दोन वर्षांत कोणी आलं नाही, आणि तरी त्या ‘तसाच आहे’ म्हणतात. तो ‘तसाच’ पुसू नका.

आता ‘श्रद्धा’. श्रत् अधिक धा. लॅटिन ‘क्रेदो’ (मी विश्वास ठेवतो) याच मुळाचा, म्हणजे दोघे जुने भाऊबंद. ‘श्रत्’चा संबंध हृदयाशी जोडतात, ‘धा’ म्हणजे ठेवणे. काळीज नेऊन एखाद्या ठिकाणी ठेवणं. मावशींनी ते संस्थेपाशी ठेवलं होतं, आता उचललं. हे व्यवहारातल्या भरवशापेक्षा मोठं नुकसान आहे, आणि तुमच्या दुरुस्तीने ते लहान झालं असतं. ‘चर्चवरचा विश्वास उडाला’ म्हटलं की वाटतं, हिशेबात काही गडबड झाली असावी.

तुम्ही विचारलं नाही, पण त्या वाक्यात ‘चर्च’ हाही नेमका शब्द आहे. कुणी सुचवेल, शुद्ध मराठीत ‘मंडळी’ लिहा. लिहू नका. ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे जमलेली सभा, तिचं प्रोटेस्टंट मराठीतलं रूप ‘मंडळी’, कॅथलिकांचं ‘ख्रिस्तसभा’. दोन्हींत माणसं आहेत, शेजारच्या बाकावर बसणारीही. मावशींचा राग त्यांच्यावर असेलच असं नाही. ‘चर्च’मध्ये इमारत, कमिटी, शिक्का, ठराव सगळं मावतं, इंग्रजीतून उसना आला म्हणून तो इथे कमी पडत नाही. (त्याचं मूळही ग्रीकच, ‘कुरियाकोन’, प्रभूचं ते. कुंपणाने शेत खाल्लं तरी सात-बारा कोणाच्या नावावर आहे, हे शब्दालाच ठाऊक.)

शब्दांचा हा पेच जुना आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या दोघांनाही घेऊन नवा मेळ उभारला. त्याला त्यांनी ना ‘चर्च’ म्हटलं, ना ‘मंडळी’. नाव ठेवलं ‘देवाचा दरबार’. ख्रिस्त सुटला नव्हता, मिशन सुटलं होतं, आणि नव्या मेळाला जुना शब्द चालेना.

तेव्हा पत्र मावशींच्या शब्दांत जाऊ द्या. दुरुस्तीची हौस असेलच तर एक जागा आहे : तुम्ही मध्येच ‘श्रध्दा’ लिहिलं आहे, ते ‘श्रद्धा’ करा. आधी द, मग ध.